इयर ट्वेल्व्हच्या मुलीला विद्यापीठाच्या लॅबमध्ये दोन आठवडे कसे मिळतील?

रेडिंगहून एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगी सरकारी शाळेच्या सिक्स्थ फॉर्ममध्ये आहे, इयर ट्वेल्व्हला, म्हणजे आपल्याकडच्या अकरावीच्या वयाची. बायोलॉजी, केमिस्ट्री आणि मॅथ्स घेतलंय, पुढे बायोकेमिस्ट्री करायची आहे. तिच्या ओळखीची खाजगी शाळेतली एक मुलगी गेल्या उन्हाळ्यात काकांच्या ओळखीने एका विद्यापीठाच्या लॅबमध्ये तीन आठवडे जाऊन आली. हिने जूनमध्ये प्राध्यापकांना चाळीसेक मेल पाठवले. दोन नकार आले, बाकीच्यांकडून काहीच नाही. अशी संधी मिळवायची कशी? नाही मिळाली तर प्रवेशात ती मागे पडेल का? अडीच हजार पौंड घेऊन ‘रिसर्च पेपर’ छापून देणारा ऑनलाइन कोर्स घ्यावा का? पुण्यात मामा एका संशोधन संस्थेत आहेत, तर ऑगस्टमध्ये तिकडे पाठवावं का? आणि शेवटी, जाण्यायेण्याचा खर्च कुणी देतं का?

मी उत्तर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात प्रथिनांवर काम करणाऱ्या गटात आहे. उन्हाळ्यात आमच्याकडे येणाऱ्या सिक्स्थ फॉर्मच्या मुलांची जबाबदारी बरीच वर्षं माझ्याकडे आहे. त्यामुळे जे लिहितेय ते मुख्यतः जीवशास्त्राच्या ओल्या लॅबमधलं, म्हणजे जिथे पेशी आणि द्रावणं हाताळतात तिथलं, आहे. भौतिकशास्त्र, गणित किंवा इंजिनिअरिंगमध्ये काही गोष्टी वेगळ्या असतील.

ताई, तुम्ही ओळख नसल्याची खंत लिहिली आहे. ती खरी आहे, पण ओळखीमुळे नेमकं काय मिळतं ते पाहा. ओळखीमुळे कुणीतरी आपल्या कामाचे दहा दिवस द्यायला तयार होतं. अडचण लॅबच्या जागेची नसते आणि प्राध्यापकांच्या मर्जीचीही फारशी नसते. सोळा-सतरा वर्षांची मुलगी लॅबमध्ये आली की तिच्या शेजारी दिवसभर कुणीतरी उभं राहावं लागतं, आणि ते माणूस प्राध्यापक नसतात. तो पीएचडीचा विद्यार्थी असतो, ज्याच्या शिष्यवृत्तीचे साडेतीन-चार वर्षं मोजून दिलेले असतात, किंवा पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतर मुदतीच्या नोकरीवर असलेली संशोधक, असते, जिचं कंत्राट दोन-तीन वर्षांत संपणार असतं. उन्हाळा म्हणजे शिकवण्याचं काम नसलेला, प्रयोग सलग करता येण्याचा काळ. तुमच्या मुलीची विनंती त्याच काळावर येऊन पडते. प्राध्यापकांना गेलेला मेल खाली पोचतच नाही, आणि पोचला तरी ‘दोन आठवडे’ हा आकडा पाहून बाजूला पडतो.

दुसरी अडचण वयाची. अठराच्या खालच्या मुलांना कामाच्या जागी घ्यायचं तर १९९९ च्या आरोग्य आणि सुरक्षा नियमांप्रमाणे त्यांच्यासाठी धोक्यांचा वेगळा विचार करावा लागतो: अनुभव नाही, धोक्याची जाणीव कमी, शरीर अजून वाढतंय. घातक रसायनांचे नियम वेगळे. प्राण्यांवर प्रयोग करण्याचा वैयक्तिक परवाना १८ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही, त्यामुळे उंदरांवर काम करणाऱ्या गटाकडे गेलात तर ते फार तर संगणकावरचं किंवा मायक्रोस्कोपखालचं काम देऊ शकतील. किरणोत्सर्गी पदार्थ, रोगकारक जंतू, माणसाच्या ऊतींचे नमुने, या सगळ्या जागी आमच्या विभागात अठराखालच्यांना आम्ही नेतच नाही. विमा बहुधा आडवा येत नाही, विद्यापीठाच्या असलेल्या विम्यात वर्क एक्सपीरियन्सची मुलं बसतात. देखरेख करणाऱ्याची पोलिसी तपासणी लागेल म्हणून घाबरून नकार देणारेही भेटतात. सोळा-सतरा वर्षांच्या वर्क एक्सपीरियन्सच्या मुलांसाठी शाळा तशी तपासणी मागूच शकत नाही, हे त्यांना माहीत नसतं. तुमच्या शाळेच्या करिअर्स लीडरला मात्र ते माहीत असायला हवं.

ही कागदपत्रं, शाळेचं पत्र, तुमची संमती, सुरक्षा विभागाची सही, यात आठवडे जातात. म्हणून जूनमधला मेल वाचून एखाद्या प्राध्यापिकेला मनापासून ‘ये’ म्हणावंसं वाटलं तरी ऑगस्टच्या आत ते बसत नाही. चाळीस मेलच्या अपयशाचं सर्वांत मोठं कारण मला महिना वाटतो, मजकूर नंतर.

आता मार्ग. पहिला मार्ग ठरलेल्या योजनांचा. ज्यांना ओळख नाही त्यांच्यासाठीच त्या उभ्या केल्या आहेत. नफील्ड रिसर्च प्लेसमेंट्स या नावाने अनेक वर्षं ओळखली गेलेली योजना स्टेम लर्निंग ही संस्था चालवते. त्यामागचा नफील्ड फाउंडेशनचा निधी मोटारी बनवणारे विल्यम मॉरिस, म्हणजेच लॉर्ड नफील्ड, यांनी १९४३ मध्ये दिला. इयर ट्वेल्व्हनंतरच्या उन्हाळ्यात मुलं खऱ्या प्रकल्पावर काम करतात आणि शेवटी अहवाल लिहितात. दुसरी इन-टू-सायन्स यूके. रिबेका मॅकेल्वी यांनी यूसीएलमध्ये (युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन) पीएचडी करत असताना ती सुरू केली, आणि ती मुलांना थेट संशोधकांच्या शेजारी नेऊन बसवते. याशिवाय सटन ट्रस्टच्या १९९७ पासून चालू असलेल्या समर स्कूल्स आणि ऑक्सफर्डचं युनिक आहे. ती दोन्ही मोफत आहेत, पण तिथे शिकणं आणि विद्यापीठ पाहणं जास्त, लॅबमधला स्वतःचा प्रश्न कमी. अर्जांची खिडकी साधारण हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला उघडते. दर वर्षीच्या तारखा त्या त्या संकेतस्थळावर पाहा, आणि सप्टेंबरपासूनच पाहायला लागा.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण आपल्या लोकांचा यावर हमखास गैरसमज असतो. सरकारी शाळा ही या योजनांची पहिली अट असते, पण ती एकटी पुरत नाही. इंग्लंडमधली नव्वद टक्क्यांहून जास्त मुलं सरकारी शाळांतच जातात. त्यातून निवड करताना घरचं उत्पन्न, शाळेत मोफत जेवण मिळतं का, आई-वडिलांपैकी कुणी विद्यापीठात गेलंय का, मूल सरकारी देखभालीत वाढलंय का, हे पाहिलं जातं. तुम्ही दोघंही पुण्याचे इंजिनिअर, आणि नोकरी आयटीतली. पुण्याची पदवी ही पदवीच धरली जाते. त्यामुळे तुमच्या मुलीचा नंबर या योजनांत लागण्याची शक्यता कमी आहे, आणि मला ते योग्य वाटतं. आमच्याकडे अशा योजनेतून आलेल्या एका मुलाच्या घरात त्याच्याआधी कुणी ए लेव्हलही (बारावीच्या तोडीची परीक्षा) केलं नव्हतं. त्याला घरी कुणी ‘पीएचडी म्हणजे काय’ हे सांगू शकत नव्हतं. तुमच्या घरात ते सांगणारी दोन माणसं आहेत. अट बसत असेल तर जरूर अर्ज करा, पण उत्पन्नाचा रकाना ओढूनताणून बसवायला जाऊ नका.

हे वाचणाऱ्यांत ज्यांची अट बसते, म्हणजे दुकानात, केअर होममध्ये, वेअरहाउसमध्ये काम करणारे, एकट्याने घर चालवणारे आई-बाबा, त्यांना कळकळीने सांगते: ‘आपलं मूल तेवढं हुशार नाही’ असं समजून अर्ज सोडू नका. या योजना टॉपर शोधत नाहीत. अटीत बसणाऱ्या घरांतून अर्जच येत नाहीत, हे माझं सर्वांत मोठं दुःख आहे.

तुमच्या मुलीसाठी दुसरा मार्ग, म्हणजे थेट विचारणं, पण वेगळ्या पद्धतीने. चाळीस जणांना एकच मेल पाठवण्यापेक्षा रेडिंग आणि आसपासच्या गटांतले पाच-सहा निवडा, जिथे ती रोज ट्रेनने जाऊन येऊ शकेल. गटाच्या पानावर पीएचडीचे विद्यार्थी आणि पोस्टडॉक यांची नावं असतात. त्यांच्यापैकी एकाला लिहावं, प्राध्यापकांना प्रत द्यावी. आणि विभागात शाळांशी संपर्क ठेवणारी, आउटरीचचं काम पाहणारी व्यक्ती असते, तिलाही. कागदपत्रं तीच पुढे सरकवते. मेल मुलीने स्वतः, शाळेच्या पत्त्यावरून लिहावा आणि त्यात शिक्षकांना सामील करावं. आई-वडिलांकडून आलेल्या मेलला उत्तर द्यायला माझे सहकारी कचरतात. अठराखालच्या मुलीशी एकट्याने खाजगी पत्रव्यवहार करायलाही कचरतात, आणि ते बरोबरच आहे. शिक्षक सामील असले की दोन्ही प्रश्न सुटतात.

मजकूर साधारण असा असावा, अर्थात इंग्रजीत आणि तिच्या शब्दांत: ‘मी रेडिंगमधल्या सरकारी शाळेत इयर ट्वेल्व्हला आहे. उष्णता सहन करणाऱ्या एन्झाइमवरचा तुमच्या गटाचा लेख वाचला. दुसरी आकृती समजली, चौथी समजली नाही: साठ अंशांपर्यंत एन्झाइम टिकतं, मग पुढच्या पाच अंशांत एकदम का कोसळतं? जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टमध्ये पाच दिवस तुमच्या गटातल्या कुणाचं काम जवळून पाहता येईल का? ते शक्य नसेल तर एखाद्या दुपारी तासभर भेटता आलं तरी आवडेल. माझ्या बायोलॉजीच्या शिक्षकांना या मेलमध्ये घेतलं आहे, शाळेची कागदपत्रं ते पाहतील.’

यात ‘मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे’ हे कुठेच नाही. चौथी आकृती समजली नाही हे लिहिणं महत्त्वाचं. त्यावरून लेख खरंच उघडला होता हे कळतं, आणि समोरच्याला उत्तर द्यावंसं वाटतं. मागणी लहान ठेवली आहे, कारण पाच दिवस देणारी पोस्टडॉक दहा देऊ शकत नसेल. आणि तासाभराच्या भेटीला सहसा कुणी नाही म्हणत नाही. माझ्या पाहण्यात ज्या मुलांना अखेर दोन आठवडे मिळाले, त्यांतल्या बऱ्याच जणांची सुरुवात अशा एका तासाने झाली. एकदा माणूस ओळखीचं झालं की पुढचा ‘हो’ सोपा होतो. स्वतः तयार केलेली ओळख ती हीच.

विनंती कधी करायची? शरद ऋतूत सुरुवात, ख्रिसमसनंतर लगेच मेल, मार्चपर्यंत होकार, मग कागदपत्रं. तुमच्या मुलीचं इयर ट्वेल्व्ह संपत आलं असेल तर या उन्हाळ्यात तासाच्या भेटी मागा. ऑक्टोबरच्या अर्धसत्राच्या सुट्टीत दोन-तीन दिवस मागता येतात आणि तेव्हा लॅबमध्ये उन्हाळ्याची गर्दीही नसते.

आता समजा मिळालं. मग आत काय होतं, ते जरा सविस्तर लिहिते, कारण तुम्ही नेमकं कशामागे धावताय ते त्यातून दिसेल.

पहिला दिवस सुरक्षेचा. कोट, चष्मा, हातमोजे कधी घालायचे आणि दाराच्या कडीला हात लावण्याआधी कधी काढायचे, आग लागली तर कुठून बाहेर. दुपारी मी त्यांना पिपेट, म्हणजे अगदी थोडा द्रव मोजून टाकायचं साधन, देते आणि तराजूवर पाणी टाकायला लावते. १०० मायक्रोलिटर पाण्याचं वजन ०.१ ग्रॅम भरायला हवं. दहा वेळा टाकायचं, दहा आकडे लिहायचे. पहिल्यांदा आकडे इकडेतिकडे पळतात. अंगठा सावकाश सोडायला शिकलं की जवळ येतात. या एका दुपारी मुलांना कळतं की मोजमापात चूक असतेच आणि ती किती आहे हे सांगता आलं पाहिजे. ए लेव्हलच्या बायोलॉजीत किमान १२ ठरलेली प्रॅक्टिकल्स असतात, पण तिथे उत्तर आधीच माहीत असल्याने आकडा चुकला की मुलं उत्तराच्या बाजूला सरकवतात. इथे सरकवायला उत्तरच नसतं.

मग प्रकल्प. आम्ही बहुधा चमकणाऱ्या प्रथिनांपैकी एक देतो. जेलीफिशमधून आलेलं हिरवं चमकणारं प्रथिन, जीएफपी, ज्यासाठी शिमोमुरा, चॅल्फी आणि त्स्येन यांना २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. २३८ अमिनो आम्लांची ही साखळी. तिच्यातल्या २०३ व्या जागेवरचं थ्रिओनिन काढून टायरोसिन बसवणं हा मुख्य बदल केला की चमक हिरव्याकडून पिवळ्याकडे सरकते. प्रयोगशाळेतल्या निरुपद्रवी ई. कोलाय जिवाणूंमध्ये ते बनवायचं, पेशी फोडायच्या, निकेलच्या कॉलमवरून शुद्ध करायचं, जेलवर पट्टी योग्य जागी आली का, म्हणजे योग्य आकाराचं प्रथिन मिळालं का, ते पाहायचं. डोळ्यांना दिसणारं असल्यामुळे मुलांना कुठे काय हरवलं ते लगेच कळतं. प्रश्न लहानसा असतो: सामू (पीएच) किती खाली आणला की चमक निम्मी होते, आणि आम्ही बनवलेल्या नव्या रूपात तो आकडा सरकतो का. नव्या रूपाचं उत्तर आम्हालाही माहीत नसतं.

एका उन्हाळ्यात एक मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली की तिचे सकाळचे आणि दुपारचे आकडे जुळत नाहीत. पिपेट तपासलं, प्रथिन तेच, मशीन तेच. तिने दोन दिवस वहीत मागे जाऊन पाहिलं आणि तिला दिसलं की सकाळी ती बफर (सामू स्थिर ठेवणारं द्रावण) थंड खोलीतून आणून लगेच वापरते, दुपारी मात्र तो टेबलावर उबेला आलेला असतो. बफर होता ट्रिस नावाच्या रसायनाचा. ट्रिसचा सामू तापमानाबरोबर बदलतो, दर अंशाला साधारण ०.०३ ने. २५ अंशांवर ७.५ ला बसवलेला बफर ४ अंशांवर ८.१ च्या आसपास जातो. पिवळ्या प्रथिनाची चमक नेमकी सामू ७ च्या जवळपास बदलत असते, त्यामुळे एवढा फरक आलेखात स्पष्ट दिसतो. मी तिला विचारलं, थंडीचा चमकेवर स्वतःचाही परिणाम असेल, तो वेगळा कसा करशील? ती विचार करून आली: फॉस्फेटचा बफर घेऊ, त्याचा सामू तापमानाने फारसा हलत नाही. तो घेतल्यावर फरक बराच कमी झाला, थोडा राहिला. मूळ प्रश्नाचं उत्तर त्या दोन आठवड्यांत निघालं नाही. तरीही आमच्याकडे झालेल्या उत्तम कामांपैकी ते एक आहे असं मी मानते, कारण तिने आकडा न जुळण्याला विचारण्याजोगी गोष्ट मानलं, कारण सुचवलं आणि ते कारण खोटं ठरू शकेल असा प्रयोग मांडला.

हे शिकवायला विद्यापीठाची लॅब उत्तम जागा आहे, एकमेव नाही. म्हणून तिसरा मार्ग, शाळेतून. ईपीक्यू (एक्स्टेंडेड प्रोजेक्ट क्वालिफिकेशन) हे अर्ध्या ए लेव्हलच्या वजनाचं प्रकल्पकाम असतं, यूकासचे (विद्यापीठप्रवेशाचे अर्ज हाताळणारी संस्था) जास्तीत जास्त २८ गुण. विषय मुलीने निवडायचा. ब्रिटिश सायन्स असोसिएशनचा क्रेस्ट गोल्ड पुरस्कार साधारण ७० तासांच्या कामावर मिळतो, आणि ते काम शाळेतही करता येतं. तुमच्या शाळेचे विज्ञानशिक्षक उत्साही असतील तर रॉयल सोसायटीच्या पार्टनरशिप ग्रँटबद्दल त्यांना सांगा. एखाद्या संशोधकाला जोडीला घेऊन केलेल्या प्रकल्पासाठी शाळेला पैसे मिळू शकतात. यात एका मुलीऐवजी पूर्ण गटाला फायदा होतो आणि संशोधक दहा दिवसांऐवजी काही दुपारी देतो, त्यामुळे होकार सोपा असतो. यूसीएलमधून सुरू झालेल्या ऑर्बिट्समध्ये तर पीएचडीचे संशोधक शाळेत येऊन मुलांबरोबर खगोलशास्त्राचं खरं संशोधन करतात, आणि त्यातून मुलांची नावं असलेले शोधनिबंध निघाले आहेत.

बायोकेमिस्ट्रीत आता एक चौथी वाटही उघडली आहे, आणि ती मला तुमच्या मुलीसाठी सर्वांत जास्त पटते. प्रथिनांच्या रचनांचा प्रोटीन डेटा बँक हा संग्रह १९७१ पासून आहे आणि सगळ्यांना मोफत आहे. त्याच्या जोडीला २०२१ पासून अल्फाफोल्डने, म्हणजे डीपमाइंड कंपनीच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने, भाकीत केलेल्या रचनांचा वेगळा संग्रह आला. केंब्रिजजवळच्या हिंक्स्टनमधली युरोपियन बायोइन्फर्मेटिक्स इन्स्टिट्यूट तो संग्रह डीपमाइंडबरोबर सांभाळते, आणि आज त्यात २० कोटींहून जास्त रचना आहेत. मी वापरते त्याच फाइल्स तुमची मुलगी रेडिंगच्या घरातल्या लॅपटॉपवर उघडू शकते. कायमेराएक्स हे रचना पाहण्याचं सॉफ्टवेअर शिक्षणासाठी मोफत मिळतं. तिला प्रश्न हवा असेल तर एक देते: अंटार्क्टिकाच्या बर्फाळ पाण्यातल्या माशांचं लॅक्टेट डिहायड्रोजिनेज आणि उष्ण समुद्रातल्या माशांचं तेच एन्झाइम शेजारी ठेवायचं. कुठली अमिनो आम्लं बदललीत? ती एन्झाइमच्या कामाच्या खोबणीत आहेत की तिच्या हलणाऱ्या कडांवर? यावर पूर्वी काम झालेलं आहे, त्यामुळे स्वतःचं उत्तर ताडून पाहता येईल. हे करून तिने जर एखाद्या पोस्टडॉकला ‘मला हे दिसलं, हे पटत नाही’ असं लिहिलं, तर त्या मेलला उत्तर येण्याची शक्यता इतर कुठल्याही मेलपेक्षा जास्त. शिवाय संगणकावरचं प्लेसमेंट देणं कुठल्याही गटाला सोपं असतं: कागदपत्रं कमी आणि कुणाला दिवसभर शेजारी उभं राहावं लागत नाही.

प्रवेशाचं म्हणाल तर बायोकेमिस्ट्रीच्या पदवीसाठी लॅब प्लेसमेंट ही अट नसते. मेडिसिनचं वेगळं आहे, तिथे माणसांची काळजी घेण्याचा काही अनुभव पाहतात. २०२६ च्या प्रवेशांपासून यूकासचं पर्सनल स्टेटमेंट तीन प्रश्नांत विभागलं आहे: हा विषय का, शिक्षणाने तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केलंत व ते का उपयोगी. सगळं मिळून ४,००० अक्षरं. शेवटच्या प्रश्नातला ‘का उपयोगी’ हा भाग वाचणाऱ्याच्या दृष्टीने मोठा आहे. ‘मी अमुक विद्यापीठात तीन आठवडे होते’ या वाक्याने फार काही सांगितलं जात नाही. ट्रिसच्या बफरची गोष्ट चार ओळींत सांगितली तर खूप सांगितलं जातं, आणि माशांच्या एन्झाइमची सांगितली तरी तेवढंच. शाळेतल्या फसलेल्या प्रॅक्टिकलवर प्रामाणिक परिच्छेद लिहून मुलाखतीत त्यावर बोलणारी मुलंही मी पाहिली आहेत. कुणाला लॅब मिळते आणि कुणाला नाही यात घरच्या परिस्थितीचा किती हात असतो, हे प्रवेशाचं काम करणाऱ्यांना चांगलं माहीत असतं.

पैसे देऊन पेपर छापण्याचा कोर्स घेऊ नका. चांगला शिकवणारा भेटला तर मूल काहीतरी शिकेल हे मान्य, पण तुम्ही पैसे शिकण्यासाठी देत नाही आहात, छापील नावासाठी देताय. सतरा वर्षांच्या मुलीचा, काही आठवड्यांत लिहून, पैसे घेणाऱ्या संस्थेच्याच ओळखीच्या नियतकालिकात आलेला निबंध पाहून माझ्यासारखी व्यक्ती प्रभावित होत नाही. उलट, तिला एखादा साधा प्रश्न विचारल्यावर उत्तर आलं नाही तर नुकसान होतं. खर्च करायचाच असेल तर विद्यापीठांच्या ओपन डेजना जायच्या तिकिटांवर करा.

पुण्याचं. मामांची मदत घेण्यात गैर काही नाही, पण एक कायदेशीर बाब आधी पाहा. मुलगी ब्रिटिश नागरिक असून तिच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असेल, तर २०२१ च्या भारत सरकारच्या अधिसूचनेनुसार भारतात संशोधन करायला ओसीआयधारकांना विशेष परवानगी लागते. टुरिस्ट व्हिसावर तर तो विषयच नको. भारतीय पासपोर्ट असेल तर हा प्रश्न येत नाही, मग फक्त संस्थेचे स्वतःचे नियम आणि विमा पाहावा लागेल. परवानगीची धावपळ नको असेल तर ‘प्लेसमेंट’ असं नाव न देता तिला मामांच्या संस्थेतल्या पीएचडी करणाऱ्या मुलामुलींशी एक-दोन दुपारी बसून बोलू द्या. त्यांच्या कामात सध्या काय अडलंय, हे विचारू द्या. त्याच गप्पांतून तिला वर सांगितलेल्या मेलसाठी प्रश्न सापडू शकतो, आणि आजी-आजोबांबरोबरची सुट्टीही लॅबमध्ये जाणार नाही.

खर्चाचं उत्तर सोपं आहे. नफील्डसारख्या योजना प्रवासखर्च देतात. स्वतः मिळवलेल्या प्लेसमेंटचा खर्च बहुतेक विभाग देत नाहीत, पण मेलमध्ये विचारायला संकोच करू नये. आउटरीचकडे कधी कधी थोडी रक्कम असते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना ‘१६-१७ सेव्हर’ रेलकार्डावर ट्रेनचं तिकीट निम्म्यात मिळतं, म्हणजे रेडिंगहून रोजचं जाणंयेणं आवाक्यात येतं. लंडनमध्ये राहणाऱ्यांना झिप ऑयस्टरवर बस मोफत आहे. आणि घरचं उत्पन्न कमी असेल तर शाळेकडे ‘१६ ते १९ बर्सरी फंड’ असतो. त्यातून प्रवास, लॅबमध्ये चालतील असे बंद बूट, दुपारचं जेवण यासाठी मदत मिळू शकते. त्याची चौकशी सिक्स्थ फॉर्मच्या ऑफिसात करायची, आणि प्लेसमेंट ठरण्याच्या आधीच करायची, कारण ते पैसे बऱ्याचदा सत्राच्या सुरुवातीला वाटले जातात.